चिमुकल्यांच्या भाषेचे मोजमाप : निदान की निवाडा?

इंग्लंडमधील सरकारी खर्चाने चालणाऱ्या प्राथमिक शाळेत चार वर्षांचे मूल दाखल झाले की पहिल्या सहा आठवड्यांच्या आत शिक्षक त्याला एकट्याला समोर बसवून सुमारे वीस मिनिटे प्रश्न विचारतात. काही प्रश्न आकड्यांचे, काही भाषेचे. चित्रातील वस्तू ओळखणे, ऐकलेल्या गोष्टीचा अर्थ सांगणे, शब्दांतील ध्वनी वेगळे करणे असे त्यांचे स्वरूप असते. २०२१ च्या सप्टेंबरपासून ही चाचणी तेथे सक्तीची झाली आहे. तिचे गुण पालकांना वा शिक्षकांना कळवले जात नाहीत. शिक्षकांच्या हाती काही वर्णनात्मक वाक्ये तेवढी पडतात. गुण सरकारच्या दप्तरी राहतात आणि सात वर्षांनी ते मूल प्राथमिक शाळा सोडताना जी परीक्षा देते, तिच्या गुणांशी ताडून शाळेने आपल्या विद्यार्थ्यांची किती प्रगती घडवली याचा हिशेब मांडावयाचा, अशी योजना आहे.

पुढच्याच वर्षी, म्हणजे पाच-सहा वर्षांच्या वयात, त्याच मुलाला दुसरी चाचणी द्यावी लागते. २०१२ पासून दरवर्षी जून महिन्यात घेतल्या जाणाऱ्या या तपासणीत मुलाने चाळीस शब्द मोठ्याने वाचावयाचे असतात. त्यांतील वीस खरे आणि वीस निरर्थक. निरर्थक शब्दाशेजारी एखाद्या काल्पनिक प्राण्याचे चित्र असते, म्हणजे हा शब्द कोशातला नव्हे हे मुलाला कळावे. अक्षरांवरून ध्वनी जुळवण्याची कला मुलाला साधली आहे काय, हे पाहणे हा हेतू. बहुतेक वर्षी चाळीसपैकी बत्तीस शब्द अचूक वाचणारे मूल अपेक्षित पातळीला पोहोचले असे मानले गेले. न पोहोचणाऱ्याची पुढील वर्षी पुन्हा तपासणी होते.

इंग्रजी ही ज्यांची घरची भाषा, त्या मुलांच्या भाषेचे माप इतक्या कोवळ्या वयात आणि इतक्या काटेकोरपणे घेण्याचे प्रयोजन काय, हा प्रश्न तेथील शिक्षकवर्गाने वारंवार विचारला आहे. त्याचे उत्तर ‘मोजू नका’ असे देऊन भागणारे नाही. मोजमापाचा उपयोग कोण, कशासाठी करणार यावर त्याचे बरे-वाईट परिणाम अवलंबून असतात. शिक्षणशास्त्राइतकाच हा अर्थशास्त्राचाही प्रश्न आहे. कारण मापाला जेव्हा बक्षीस किंवा दंड चिकटतो, तेव्हा माप घेणाऱ्याचे आणि देणाऱ्याचे वर्तन बदलते.

मोजण्याची गरज

प्रथम मोजमापाच्या बाजूने जे बोलता येते ते प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. सरे परगण्यात प्राध्यापिका कोर्टनी नॉरबरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेली पाहणी २०१६ साली प्रसिद्ध झाली. कोणतेही ज्ञात वैद्यकीय कारण नसताना भाषा आत्मसात करण्यात गंभीर अडचण येणाऱ्या मुलांचे प्रमाण शाळाप्रवेशाच्या वयात सुमारे साडेसात टक्के असल्याचे तीत आढळले. तीस मुलांच्या वर्गात अशी सरासरी दोन मुले निघतात. ही मुले आंधळी नसतात, बहिरी नसतात, दिसण्यात इतरांपेक्षा वेगळी नसतात. शिक्षकाची सूचना त्यांना नीट उमगत नाही, म्हणून ती हूड, आळशी किंवा मंद समजली जातात. त्यांची अडचण भाषेची आहे हे वेळीच ओळखणारा कोणी भेटला नाही तर तो शिक्का जन्मभर पुसला जात नाही.

अशा मुलांना हुडकून काढावयाचे तर चाचणी हवीच. सहृदय शिक्षकाच्या नजरेतूनही शांत मूल सुटते. गोंगाट करणारे तेवढे दिसते. चाचणीपाठोपाठ मदत मिळाली तर तिचा लाभही दिसून येतो. इंग्लंडमध्ये ‘नफील्ड अर्ली लँग्वेज इंटरव्हेन्शन’ या नावाने ओळखला जाणारा वीस आठवड्यांचा एक उपक्रम आहे. त्यात वर्गातील मुलांची अल्पशी भाषातपासणी करून जी मागे आहेत त्यांना लहान गटात आणि एकेकट्याने बोलते करण्याचे, शब्दसंग्रह वाढवण्याचे काम प्रशिक्षित सहायक करतात. १९३ शाळांत घेतलेल्या एका मोठ्या प्रयोगात या मुलांची प्रगती इतरांपेक्षा सुमारे तीन महिन्यांनी अधिक भरली. येथे चाचणी हे पहिले पाऊल होते आणि दुसरे पाऊल उचलण्याची तयारी आधीच केलेली होती.

चाचणीचे शास्त्रही टाकाऊ नाही. १९५८ साली जीन बर्को या अमेरिकन संशोधिकेने लहान मुलांना एका काल्पनिक पक्ष्याचे चित्र दाखवून त्याचे नाव ‘वग’ असे सांगितले आणि असे दोन पक्षी दाखवून त्यांना काय म्हणाल असे विचारले. तो शब्द मुलांनी पूर्वी कधीही ऐकलेला नव्हता. तरीही बहुसंख्य मुलांनी त्याचे अनेकवचन बिनचूक केले. मूल भाषा केवळ पाठ करीत नाही, तिचे नियम आपल्या मनात बांधत असते, हे त्यातून स्पष्ट झाले. निरर्थक शब्दाचा असा उपयोग मुलाची शक्ती उजेडात आणणारा होता. साधन तेच, पण २०१२ नंतरच्या तपासणीत त्याला वेगळे काम दिले गेले. ‘स्ट्रॉम’ असा निरर्थक शब्द समोर आला असता वाचनाची गोडी लागलेले एखादे मूल त्याला ओळखीचा ‘स्टॉर्म’ समजून तसे वाचते. ते अर्थ शोधत होते. पण तपासणीच्या कागदावर तो शब्द चुकला म्हणून गणला जातो.

मोजपट्टी कोणाच्या घरची?

भाषेच्या चाचणीत एक अडचण अंगभूतच आहे. उंची मोजताना पट्टी कोणत्या घरून आणली याने फरक पडत नाही. भाषा मोजताना पडतो. अमेरिकेत १९५९ साली प्रसिद्ध झालेली पीबॉडी चित्रशब्द चाचणी शाळांतून दीर्घकाळ वापरली गेली. परीक्षकाने शब्द उच्चारावयाचा आणि मुलाने चार चित्रांतून योग्य चित्रावर बोट ठेवावयाचे, एवढी सोपी तिची रीत. परंतु वयानुसार किती शब्द आले पाहिजेत याचे मूळ प्रमाण ठरवले गेले ते टेनेसी राज्यातील नॅशव्हिल शहराच्या परिसरातील गोऱ्या मुलांवरून. न्यूयॉर्कच्या गरीब वस्तीतील काळ्या मुलालाही त्याच प्रमाणाने तोलले गेले आणि जेथे ते कमी भरले तेथे उणीव मुलात शोधली गेली, प्रमाणात कोणी शोधली नाही.

त्या काळी ‘गरिबांच्या मुलांना भाषाच नसते’ असा विचार विद्वानांच्या वर्तुळात प्रतिष्ठित होता. त्याला सर्वांत समर्थ उत्तर दिले ते विल्यम लबॉव्ह या भाषाशास्त्रज्ञाने १९६९ मध्ये. हार्लेममधील आठ वर्षांच्या एका मुलाची मुलाखत घेतली असता तो एकेका शब्दात उत्तरे देऊन गप्प बसे. चाचणीच्या हिशेबाने तो जवळजवळ मुकाच ठरला असता. पुढच्या खेपेस मुलाखतकाराने आपल्यासोबत बटाट्याच्या काचऱ्यांची पिशवी आणली, मुलाच्या जिवलग मित्राला बरोबर घेतले, स्वतः जमिनीवर बैठक मारली आणि वस्तीत चालणारे विषय काढले. तोच मुलगा आता मित्राशी चढाओढीने बोलू लागला. त्याची भाषा या दोन भेटींमध्ये वाढली नव्हती. समोरच्या प्रौढ माणसाविषयीची धास्ती तेवढी कमी झाली होती. चाचणीने भाषा मोजली की धास्ती मोजली, हा प्रश्न तेव्हापासून कोणत्याही परीक्षकाला टाळता येत नाही.

दहा वर्षांनी हाच प्रश्न न्यायालयात पोहोचला. मिशिगन राज्यातील ॲन आर्बर येथील मार्टिन ल्यूथर किंग प्राथमिक शाळेतील अकरा काळ्या मुलांच्या वतीने खटला दाखल झाला होता. या मुलांची घरची बोली हीही इंग्रजीच. पण प्रमाण इंग्रजीहून वेगळ्या व्याकरणाची. शाळेने त्या वेगळेपणाची दखल न घेता मुलांना शिकण्यात कमी ठरवले होते. १९७९ च्या जुलैमध्ये न्यायाधीश चार्ल्स जॉयनर यांनी निकाल दिला की, वाचन शिकवताना मुलांच्या घरच्या बोलीची जाण शिक्षकांना असली पाहिजे आणि ती देण्याची व्यवस्था शाळा-मंडळाने केली पाहिजे. बोली हा दोष आहे असे निकालाने मानले नाही. तिच्याविषयीचे शिक्षकाचे अज्ञान हा अडसर मानला.

या बोलीत तृतीय पुरुषी एकवचनी क्रियापदाला लागणारा ‘स’ अनेकदा गळतो. चाचणीत तो गाळणाऱ्या मुलाचे गुण कापले गेले तर नियमाने बोलणारे मूल आणि खरोखर भाषाविकार असलेले मूल एकाच रांगेत जाऊन बसतात. पहिल्याला नको असलेले उपचार मिळतात आणि दुसऱ्याचा विकार ‘हे लोक असेच बोलतात’ म्हणून दुर्लक्षिला जातो. चूक दोन्ही बाजूंनी होते आणि दोन्ही मुले तिची किंमत मोजतात. २००३ पासून अमेरिकेत सेमूर, रोपर आणि दे व्हिलिअर्स या संशोधकांनी तयार केलेली एक चाचणी उपलब्ध झाली. बोलीभेद कोठे संपतो आणि विकार कोठे सुरू होतो हे वेगळे करून पाहणे हाच तिचा उद्देश. म्हणजे न्याय्य चाचणी अशक्य नाही. तिला अधिक अभ्यास आणि अधिक पैसा लागतो, इतकेच.

कॅन्सस शहरातील हार्ट आणि रिस्ली यांच्या गाजलेल्या संशोधनाचाही येथे उल्लेख केला पाहिजे. बेचाळीस कुटुंबांत दरमहा तासभर ध्वनिमुद्रण करून त्यांनी १९९५ मध्ये असा अंदाज मांडला की, सुशिक्षित व्यावसायिकांच्या मुलांच्या कानी चार वर्षांच्या वयापर्यंत सरकारी मदतीवर जगणाऱ्या कुटुंबांतील मुलांपेक्षा सुमारे तीन कोटी शब्द अधिक पडतात. हा आकडा धोरणकर्त्यांच्या तोंडी बसला. परंतु मदतीवर जगणारी कुटुंबे त्या अभ्यासात अवघी सहा होती. शिवाय मुख्यतः मुलाला उद्देशून झालेले बोलणे मोजले गेले. आजी, भावंडे, शेजारी यांची घरात चाललेली बोलणी हिशेबाबाहेर राहिली. पुढे स्पेरी आणि सहकाऱ्यांनी ती धरून पाहिली, तेव्हा एकाच आर्थिक थरातील कुटुंबाकुटुंबांतही मोठी तफावत असल्याचे दिसले. मुलाशी बोलणे महत्त्वाचे आहे यात शंका नाही. मात्र सहा घरांच्या नोंदीवरून एका संपूर्ण वर्गाच्या मातांना बोल लावणे हे शास्त्राला धरून नाही.

मापाला मोल चिकटले की

मोजपट्टी निर्दोष आहे असे क्षणभर गृहीत धरले तरी दुसरी अडचण उरते. चार्ल्स गुडहार्ट या ब्रिटिश अर्थतज्ज्ञाने १९७५ मध्ये चलनविषयक धोरणाच्या संदर्भात असा विचार मांडला की, एखाद्या आकड्यावर नियंत्रणासाठी दाब आला की त्याचा पूर्वीचा भरवसा ढासळू लागतो. शाळेच्या बाबतीत इंग्लंडला याचा अनुभव त्यापूर्वी शंभर वर्षे आलेला होता.

१८६२ साली रॉबर्ट लोव यांच्या पुढाकाराने तेथे ‘निकालानुसार अनुदान’ देण्याची पद्धत सुरू झाली. सहा वर्षांवरील मूल वाचन, लेखन वा अंकगणित यांपैकी ज्या विषयात नापास होईल त्या प्रत्येक विषयामागे शाळेच्या अनुदानातून दोन शिलिंग आठ पेन्स कापले जात. सहा वर्षांखालील मुलांना मात्र या परीक्षेतून वगळले होते. त्यांच्या हजेरीवरच अनुदान मिळे. कवी म्हणून ख्यातनाम असलेले मॅथ्यू अर्नोल्ड हे तेव्हा शाळा-तपासनीस होते. वाचता, लिहिता वा हिशेब करता येत नसतानाही मुलांना या परीक्षेतून पार करवणे शक्य आहे, असे त्यांनी आपल्या अहवालात नमूद केले. ठराविक पुस्तक घोकून घेतले की तपासनिसासमोर मूल ‘वाचते’. त्याला समजले काय, हे कोण विचारतो?

ही पद्धत मुंबई इलाख्यातही आली होती. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात महात्मा जोतीराव फुले यांनी तिच्यावर नेमके बोट ठेवले. ज्या गरीब समाजात शिक्षणाची गोडी अद्याप उत्पन्न झालेली नाही, तेथे निकालावर पैसे देण्याची रीत मुळीच उपयोगाची नाही. अशा वस्तीत शाळा काढून शिक्षकाचे पोट भरणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. अर्थशास्त्राच्या परिभाषेत सांगावयाचे तर जेथे यश मिळवणे सर्वांत कठीण, तेथून ही पद्धत साधनसामग्री काढून घेते आणि जेथे ते आपोआप मिळते, तेथे ती ओतते. फुल्यांनी ही गोष्ट शिक्षकाच्या उदरनिर्वाहाच्या साध्या हिशेबातून दाखवून दिली.

आजच्या इंग्लंडमध्ये नापास मुलामागे शिलिंग कापले जात नाहीत. परंतु शाळेचे आकडे तपासनिसांच्या हाती असतात आणि त्यांच्या शेऱ्यावर मुख्याध्यापकाची अब्रू अवलंबून असते. २०१२ आणि २०१३ साली उत्तीर्णतेची सीमा बत्तीस गुणांची आहे हे शिक्षकांना आधीच ठाऊक होते आणि मुलाने शब्द बरोबर वाचला की नाही हे ठरवणारेही तेच होते. निकाल प्रसिद्ध झाले तेव्हा एक विलक्षण गोष्ट दिसली. एकतीस गुण मिळालेली मुले अगदी थोडी आणि बत्तीस मिळालेली एकाएकी कितीतरी अधिक. मुलांच्या मेंदूत बत्तीस या आकड्याविषयी काही विशेष आकर्षण असण्याचे कारण नाही. २०१४ पासून सीमा आधी जाहीर करणे बंद झाले आणि ही उडी कमी झाली. यात शिक्षकांना अप्रामाणिक ठरवण्याची घाई करू नये. अडखळत वाचणाऱ्या सहा वर्षांच्या मुलाला एका शब्दासाठी नापास ठरवण्यापेक्षा संशयाचा फायदा देणे, ही माणुसकीच आहे. पण अशा मापावर देशाचे धोरण उभारता येत नाही.

अपेक्षित पातळी गाठणाऱ्या मुलांचे प्रमाण २०१२ मध्ये ५८ टक्के होते, ते २०१९ मध्ये ८२ टक्के झाले. ध्वनी जुळवण्याच्या शिक्षणाकडे शाळांनी अधिक लक्ष पुरवले, त्याचा यात निश्चित वाटा आहे. दहा वर्षांच्या आसपासच्या मुलांच्या वाचनाची जी आंतरराष्ट्रीय पाहणी होते, तीतही इंग्लंडचे गुण २०११ मधील ५५२ वरून २०१६ मध्ये ५५९ झाले आणि २०२१ मध्ये ५५८ राहिले. सुधारणा आहे, पण ती माफक आहे. एका चाचणीत चोवीस टक्क्यांची झेप आणि प्रत्यक्ष वाचनात माफक वाढ यांमधील अंतर काही प्रमाणात चाचणीच्या तयारीने भरून काढले असावे, असे म्हणण्यास जागा आहे.

दोन कामे, दोन साधने

यावर एक वजनदार आक्षेप येतो. शाळांना जाब विचारणारे माप नसेल तर सर्वांत अधिक नुकसान गरीब मुलांचेच होईल. सधन घरचे मूल शाळेवाचूनही वाचायला शिकते, गरिबाला शाळेखेरीज आधार नसतो. हा आक्षेप खरा आहे. सार्वजनिक पैशाचा हिशेब मागणे हा नागरिकांचा हक्क आहे आणि ‘मुले लहान आहेत’ या सबबीखाली शाळेला त्यातून सुटका मिळू नये.

परंतु हा हिशेब मागण्यासाठी प्रत्येक चार वर्षांच्या मुलाला परीक्षार्थी करण्याची आवश्यकता नाही. देशातील बेकारी किंवा धान्याचा खप जाणून घ्यावयाचा तर घरोघर मोजणी केली जात नाही. नमुना पाहणी पुरते. अमेरिकेत १९६९ पासून शैक्षणिक प्रगतीची राष्ट्रीय पाहणी याच पद्धतीने चालते. खुद्द इंग्लंडमध्ये १९७० च्या दशकात स्थापन झालेल्या एका सरकारी विभागाने मोठ्या मुलांच्या भाषेची पाहणी निवडक शाळांतून, शाळेचे वा मुलाचे नाव उघड न करता केली होती. नाव गुप्त असल्यामुळे कोणालाही आकडा फुगवण्यात स्वारस्य नव्हते आणि म्हणूनच तो विश्वसनीय होता.

तात्पर्य, व्यवस्थेचा हिशेब आणि मुलाचे निदान ही दोन वेगळी कामे आहेत व त्यांना दोन वेगळी साधने हवीत. हिशेबासाठी निनावी नमुना पाहणी. निदानासाठी प्रत्येक मुलाची, पण ज्याच्या निकालावर शाळेचे काहीही अवलंबून नाही अशी तपासणी. मुलाच्या ओळखीच्या माणसाने, त्याच्या घरच्या बोलीचे भान ठेवून, एकाहून अधिक वेळा केलेली. तिचा निष्कर्ष सर्वप्रथम शिक्षकाला आणि पालकाला कळला पाहिजे. कारण उपाय त्यांना करावयाचा आहे. इंग्लंडच्या प्रवेश-चाचणीत नेमके उलट घडते. जो आज मदत करू शकतो त्याला गुण कळत नाहीत आणि जो सात वर्षांनी हिशेब तपासणार आहे त्याच्यासाठी ते जपून ठेवले जातात. प्रवेशाच्या वेळचे माप जितके कमी, तितकी पुढची ‘प्रगती’ मोठी दिसणार, हेही शाळांना समजते.

यात खर्चाचा मुद्दा आहेच. चाळीस शब्दांचा कागद छापणे स्वस्त पडते. भाषोपचार जाणणारा माणूस शाळेत नेमणे महाग पडते. म्हणून सरकारे चाचणी आधी आणतात आणि मदत नंतर, किंवा मुळीच नाही. वास्तविक ज्या तपासणीपाठोपाठ उपाय नाही, तिच्यावर केलेला खर्च थोडा असला तरी तो वायाच जातो. आणि मुलाच्या कपाळी बसलेल्या शिक्क्याची किंमत कोणत्याही अंदाजपत्रकात दाखवली जात नाही.

इंग्लंड-अमेरिकेतील हा वाद महाराष्ट्राला परका नाही. २०२१ मध्ये सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानानंतर पहिली ते तिसरीच्या मुलांच्या वाचनाचे मोजमाप येथेही नियमित झाले आहे. वऱ्हाडी वा अहिराणी बोलणारे, किंवा घरी कोरकू आणि गोंडी बोलणारे मूल प्रमाण मराठीच्या उताऱ्यापुढे गप्प राहिले, तर त्या गप्प राहण्याचा अर्थ कोणी लावावयाचा? आणि त्या मुलाच्या गुणांवर शाळेचा शेरा बेतला जाणार असेल, तर शिक्षकाने त्याची अडचण खरेपणाने कागदावर मांडावी अशी अपेक्षा कशी करावयाची? फुल्यांनी १८८२ साली दिलेला इशारा अनुदानाच्या एका पद्धतीपुरता होता. ती पद्धत गेली; तिच्यामागील विचार मात्र नवनव्या चाचण्यांच्या रूपाने पुन्हा येतो. तो ओळखून मुलाच्या निदानाची वही आणि शाळेच्या हिशेबाची वही वेगळी ठेवणे, एवढे तरी शिक्षण खात्याला आज करता येण्यासारखे आहे.